कागदावर असिस्टंट

पिपेट तोंडाने ओढू नये.

कांद्याची गोण मानेवर घ्यायची नसते, पाठीवर घ्यायची असते. मान गेली की माणूस गेला.

लग्न न झाल्याचे दहा.

दहा बाय आठचा फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. बांबू आणि सुतळी आपली.

तेहतिसाव्या वाढदिवसाला पाच गुण कमी होतात. केक कापा नाहीतर नका कापू.

कंपनीची बस जुईनगरच्या नाक्यावर सकाळी सहा पन्नासला येते आणि कुणासाठी थांबून राहत नाही.

त्या सोमवारी राहिली.

राहिली, कारण ड्रायव्हर स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मान वर करून वाचत बसला. मग पुढच्या सीटवरचे वाचू लागले, मग मागचे खिडक्यांतून डोकी काढून. राजलक्ष्मी एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, अशी अर्धवट उभी. वर, दोन खांबांच्या मध्ये, तीच होती. डोक्यापासून खांद्यापर्यंत पाच फूट, आणि गालांना कुणीतरी कॉम्प्युटरवर गुलाबी रंग फासलेला.

एकच ध्यास, ऑस्ट्रेलिया खास!
आमच्या भगिनी
कु. राजलक्ष्मी सयाजी ढाणे
यांनी ऑस्ट्रेलिया सरकारच्या परीक्षेत
१०० पैकी ९० गुण
मिळवून कायमचे वास्तव्य पटकावल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!
शुभेच्छुक: यशराजभाऊ ढाणे मित्रमंडळ

खाली मित्रमंडळाचे अकरा चेहरे. अकराही गॉगल लावलेले.

"दीदी, पार्टी पाहिजे!" मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं आणि बसभर टाळ्या पडल्या. राजलक्ष्मीची कानशिलं जी तापली ती तळोजा येईपर्यंत तापलेलीच राहिली. तिने खिडकीकडे तोंड केलं. शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेऊन विचारलं, "तिकडे मेथी मिळते का गं?"

आता हे नव्वद म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा जाळ त्यावरच आहे.

कायमचं राहायला या, असं तो देश कुणालाही म्हणत नाही. आधी माणसाला तराजूत घालतो. वय पंचवीस ते बत्तीस, तीस गुण. इंग्रजी उत्तम, वीस. डिग्री, पंधरा. एकाच पेशात आठ वर्षं किंवा वर काम, पंधरा. जोडीदार नाही, दहा. झाले नव्वद. ही बेरीज कुणी सरकारी साहेब करून देत नाही, मोबाइलवर आपली आपणच करायची. पासष्ट भरले तर रांगेत उभं राहायची मुभा मिळते, आणि रांगेत ज्याचे जास्त तो पुढे. पण त्या रांगेच्याही आधी एक फाटक आहे. तुम्ही जे काम केलं म्हणता ते खरंच केलंत का, याची तपासणी. तिला लागतं एक पत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, साहेबाच्या सहीचं, रोज काय काय काम करता ते एकेक करून लिहिलेलं. ते नसेल तर नव्वद काय आणि नऊ काय.

पत्र नव्हतं.

तपासणीला अडीच महिने लागतात. ऑगस्टचा पहिला आठवडा चालू होता आणि सत्तावीस ऑक्टोबरला राजलक्ष्मीला तेहतीस पूर्ण होणार होती. पत्र याच आठवड्यात हवं होतं. साहेबांकडे तिने ते मागितलंही होतं, खारघरला घर घेतेय, बँकेला द्यायचंय, असं सांगून. साहेब म्हणाले होते, सोमवारी देतो.

सोमवारी.

शनिवारी संध्याकाळी तिने घरात एवढंच सांगितलं होतं की बेरीज केली, पासष्ट लागतात, नव्वद येतात. सांगितलं तेही आईला, मेथी निवडता निवडता.

"लगीन न केल्याचं धा?" राजाबाईने हातातली जुडी खाली ठेवली. "आनि केलं आसतंस तर?"

"नवरा शिकलेला, इंग्रजी येणारा असला तर तेवढेच दहा. नुसताच नवरा असला तर शून्य."

"मंजी तुज्या बापाचं?"

"शून्य, आई."

राजाबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "आवो, ऐकलं का? सरकारनंच सांगितलं बगा. तीस वरीस मी येकलीच म्हनत हुते!"

सयाजीने टीव्हीचा आवाज वाढवला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर पाठीवर गोणी वाहून तो निवृत्त झाला होता. साताऱ्याकडची माणसं चारचौघांत बायकोला उलट बोलत नाहीत, घरात तर नाहीच नाही.

यशराज दारात चपला काढत होता. धाकटा, अठ्ठावीस वर्षांचा, एका इस्टेट एजंटाकडे गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायला जायचा. त्याच्या कानावर दोनच आकडे पडले. पासष्टला पास, आणि ताईला नव्वद. तो पुन्हा चपला घालून बाहेर पडला.

आपल्याकडे दहावी झाली की फ्लेक्स, वाढदिवस आला की फ्लेक्स, माणूस मेला की फ्लेक्स, गटारावर झाकण बसलं तरी फ्लेक्स. जुईनगरच्या नाक्यावरचे निम्मे फ्लेक्स यशराजने स्वतः खांबांवर चढून बांधलेले. पण ढाण्यांच्या घरातलं एकच माणूस आजवर तिथे पोहोचलं होतं, ते म्हणजे आजोबा, आणि त्यांच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' होतं. जिवंत ढाणे कुणी नाही. यशराजने जागाही डोकं लावून निवडली. कंपनीची बस जिथे येते बरोब्बर तिथे. कंपनीतल्या लोकांना कळायला नको का?

कळलं.

*

मानसिंग साहेब त्या केमिकल कंपनीत क्वालिटी विभागाचे मुख्य. बस तळोज्याच्या गेटमधून आत शिरण्याआधीच फ्लेक्सचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पोहोचला होता. तीन वेगवेगळ्या माणसांकडून.

"या या, नव्वद टक्के," ते म्हणाले. "पेढे कुठायत?"

"सर, ते भावाने—"

"खारघरला घर घेत होतीस ना? खारघर ऑस्ट्रेलियात गेलं काय?"

खोटं तिचंच होतं. म्हणूनच राग दुप्पट झाला.

"सर, कारण खोटं सांगितलं, चुकलं माझं. पण पत्रात खोटं काहीच नको. मी जे काम करते तेच लिहून द्या."

"काय काम करतेस तू?"

दहा वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं. टँकर लागला की नमुना, मग पाण्याचा अंश, मग आम्लता, मग जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ मशीनवर शुद्धता, मग रिपोर्ट. रिपोर्ट निघाल्याशिवाय टँकर गेटबाहेर पडत नाही, आणि रिपोर्ट काढते राजलक्ष्मी. मशीन रुसलं तर त्याची समजूत काढते राजलक्ष्मी. नवा केमिस्ट आला की त्याला शिकवते राजलक्ष्मी. वरदलाही तिनेच शिकवलं. म्हणजे शिकवत होती, तो शिकत नव्हता. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या ओळखीने आलेला, हुद्दा केमिस्ट. रिपोर्टखाली सही त्याची. त्याच्या आधी दुसऱ्या कुणाची असायची. तिची कधीच नव्हती.

हे सगळं ती भडाभडा बोलली. साहेबांनी ऐकून घेतलं.

"रेकॉर्डला तू लॅब असिस्टंट आहेस," ते म्हणाले. "नमुने आणायचे, नोंदी ठेवायच्या, काचसामान धुवायचं. उद्या तुला केमिस्ट लिहून दिलं आणि ऑडिटवाल्याने विचारलं, मग सही करणारे काय करतात, तर मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"खूप झालं हां. राजीनामा दे, नियमाप्रमाणे अनुभवपत्र मिळेल. हुद्दा असिस्टंट, तारीख अमुक ते अमुक, बस. आणि एक फुकटचा सल्ला देतो. जायचं असेल तर गुपचूप जायचं असतं. आधी बोर्ड लावायचा नसतो."

हे शेवटचं खरं होतं. ते या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं म्हणून तिला जास्त झोंबलं.

*

संध्याकाळी बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. नाक्यावरच्या भाजीवालीकडून सुरी मागून घेतली, पर्स रेलिंगला अडकवली आणि रेलिंगवर चढली. सुतळी चांगली घट्ट होती. यशराजला दुसरं काही येत नसलं तरी गाठ येते.

"ताई! ए ताई!" तो रस्ता ओलांडून पळत आला. "काय करतेस? रविवारपर्यंतची परमिशन आहे!"

"उतरव हे."

"अगं लोक बघतायत."

"सकाळपासून बघतायत! पोट भरलं असेल त्यांचं. माझं पत्र नाही म्हणाले, कळलं? तुझ्या या अकरा गॉगलांमुळे."

"पास झाल्यावर पत्र कशाला लागतं?"

"पास नाही झाले मी! परीक्षाच नव्हती! माझी मी बेरीज केलेली, संडासात बसून, मोबाइलवर!"

भाजीवाली हसली. यशराजने वर पाहिलं. त्या शंभरपैकी नव्वदकडे, खालच्या स्वतःच्या गॉगलकडे. मग पुटपुटला, "मग आधी सांगायचं ना. मी किती जणांना सांगितलं."

"तू विचारलंस?"

"आनंदाच्या गोष्टीला काय विचारायचं असतं?"

तिने हातातली सुरी त्याच्याकडे अशी रोखली की भाजीवालीने "ए बाई, ए बाई" करत पुढे होऊन ती काढून घेतली. उरलेल्या दोन गाठी यशराजने सोडल्या. फ्लेक्स खाली आला तो दोघांच्या अंगावर. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काही क्षण नुसता एक हलणारा ढीग दिसला आणि त्यातून शिव्या ऐकू आल्या. दोन्ही आवाज ढाण्यांचेच.

घरी ती जेवायला बसली नाही. राजाबाईने ताट वाढून झाकून ठेवलं. साहेब काय म्हणाले, वरद कोण, असिस्टंट म्हणजे काय, हे तिने उभ्यानेच सांगितलं, आणि सांगताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीनदा हात आपटला.

सयाजीने टीव्ही बंद केला. हे त्या घरात सहसा होत नसे.

"आमच्यात आसं कुनी केलं का," तो म्हणाला, "आमी येकच करायचो. गोन खाली ठिवायची. शिव्या न्हाईत, मारामारी न्हाय. गोन खाली, टरक हुबा. माल नासायला लागला का यापारी आपसूक बोलाया यायचा."

"बाबा, तिथे गोणी नाहीत."

"काय तरी आसंलच की उचलायचं."

"आणि तुमची सगळी टोळी असायची. मी एकटी आहे."

"उचलायला टोळी लागती, पोरी. खाली ठिवायला कशाला लागती?"

तिला त्याचाही राग आला. जन्मभर पाठीवर ओझं घेऊन हा माणूस इतक्या सहज बोलतो कसा, म्हणून. ती आत जाऊन पडली. ताट सकाळपर्यंत झाकलेलंच राहिलं.

*

मंगळवार. सव्वाआठ. पहिला टँकर.

राजलक्ष्मीने नमुना आणला, बाटलीवर चिठ्ठी लावली, रजिस्टरात नोंद केली आणि बाटली वरदच्या टेबलावर ठेवली. मग सिंकपाशी गेली, हातमोजे चढवले आणि बीकर धुवायला घेतले.

दहा मिनिटांनी वरद आला. "दीदी, टँकर लागलाय."

"नमुना तुझ्या टेबलावर आहे."

"हां, पण मग टेस्ट?"

"केमिस्ट कोण आहे?"

वरद हसला. ती मस्करी करतेय असं त्याला वाटलं. मग ती मस्करी करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो जीसी मशीनसमोर जाऊन उभा राहिला. परक्या गावातल्या स्टँडवर माणूस पाट्या वाचत उभा राहतो तसा.

"दीदी, आधी गॅस सोडायचा असतो ना?"

"मॅन्युअल कपाटात आहे. चारशे पानं. वरून दुसरा कप्पा."

नऊ. साडेनऊ. दुसरा टँकर. तिने नमुना आणला, चिठ्ठी लावली, नोंद केली, पुन्हा सिंकपाशी. बीकर संपले, फ्लास्क काढले. फ्लास्क संपले, बुरेट काढले. आधी साबणाने, मग नळाखाली, मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने. सगळं आधीच स्वच्छ होतं. काल संध्याकाळी तिनेच धुतलेलं होतं. ती ते पुन्हा धुवत होती आणि प्रत्येक भांड्याबरोबर तिला एकेक वर्ष आठवत होतं. दिवाळीच्या दिवशी मशीन बंद पडलं म्हणून गाडी पाठवून बोलावलं ते वर्ष. ऑडिटच्या दिवशी पाहुण्यांना चहा देण्यासाठी पुढे केलं, आणि तिने केलेलं काम पडद्यावर दुसऱ्याने समजावून सांगितलं ते वर्ष. एक मेजरिंग सिलिंडर हातातच फुटला. तिने काचा उचलल्या, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: फुटले, एक.

बारा वाजता तीन टँकर. दोन वाजता पाच, आणि शेवटचा गेटबाहेर रस्त्यावर आडवा. ड्रायव्हर लोक आधी झोपले, मग उठून हॉर्न वाजवू लागले. गेटवरून फोन, डिस्पॅचवरून फोन. त्यातला एक टँकर न्हाव्याच्या बंदराला जायचा होता, आणि जहाज काही वरदसाठी थांबणार नव्हतं. वरद फोनवर म्हणत होता, "हो सर, चालूच आहे, हो सर," आणि मॅन्युअलच्या एकतिसाव्या पानावर बोट ठेवून बसला होता.

साडेतीनला मानसिंग साहेब स्वतः खाली आले.

"काय नाटक लावलंयस हे?"

"काम करतेय, सर. रेकॉर्डला आहे तेवढं."

"ते सोड आणि मशीनवर बस."

"मला अधिकार नाही, सर. मी असिस्टंट आहे."

"आत्ताच्या आत्ता काढून टाकीन तुला!"

"टाका." तिने नळ बंद केला, म्हणून पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. "कारण काय लिहिणार? असिस्टंटने केमिस्टचं काम करायला नकार दिला?"

बाहेर पाच हॉर्न एकदम वाजले. वरदने मॅन्युअलमध्ये डोकं आणखी खाली घातलं. साहेब दारापर्यंत गेले, परत आले, मोबाइल वाजला तो त्यांनी पाहिला आणि उचलला नाही.

"हे ब्लॅकमेल आहे. कळतंय ना तुला?"

"दहा वर्षं काय होतं ते मला माहीत नाही, सर. त्याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ते नेहमीच्या, फाइलवर शेरा मारायच्या आवाजात बोलले. "टाइप करून आण. सही करतो."

"टायपिंग असिस्टंटच्या कामात येत नाही."

तिला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. तिने हातमोजे काढले नव्हते, हातात बुरेट होता, आणि खरं सांगायचं तर त्याने हात उगारावा अशी तिची इच्छा होती.

मानसिंग साहेब कॉम्प्युटरपुढे बसले. दोन बोटांनी टाइप करू लागले. ती मागे उभी राहून सांगत गेली आणि तिच्या कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"केमिस्ट लिहा."

"लिहिलं."

"पूर्ण वेळ. जुलै दोन हजार पंधरापासून आजपर्यंत."

"हं."

"जीसी चालवणे, देखभाल, दुरुस्ती. नव्या केमिस्टना प्रशिक्षण." ती थांबली. "हे राहिलं, सर. प्रशिक्षण."

साहेबांनी वरदकडे पाहिलं नाही. टाइप केलं. प्रिंटरमधून दोन कागद आले. एक पत्र. दुसऱ्यावर दोनच ओळी: मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, एक महिन्याची नोटीस.

"ही आधी," साहेब म्हणाले.

तिने वाचली. 'स्वखुशीने' या शब्दावर बोट ठेवलं, आणि ओला ठसा उमटला. पुढे काय होईल ते कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत आणखी नव्वदवाले किती, पंच्याण्णववाले किती, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. महिन्याभराने पगार बंद होणार होता एवढं मात्र नक्की होतं. तिने सही केली. मग साहेबांनी पत्रावर केली. ते तिने तिथेच, त्यांच्यासमोर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून काढलं, शिक्का मागितला, आणि तो बसल्यावरच पर्समध्ये ठेवलं.

मग जीसीचा गॅस सोडला. पाचही टँकर पावणेसातपर्यंत बाहेर पडले. पहिल्या रिपोर्टखाली वरद सही करायला आला तेव्हा तिने कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाच आधी." त्याने वाचला. काय वाचलं हे त्याला सांगता आलं नाही. तरी सही त्यानेच केली.

जुईनगरच्या नाक्यावर यशराज बाइकवर बसून वाट पाहत होता. दोन तास तरी झाले असावेत, कारण तो भाजीवालीला मिरच्या निवडायला मदत करत होता.

"मिळालं?"

"मिळालं."

"खरंच?" तो उडी मारून उभा राहिला. "मग ताई, आता परत—"

"यशा," ती म्हणाली, "पुढचा शब्द तोंडातून काढलास ना, तर तुझा श्रद्धांजलीचा लावीन. गॉगलसकट."

भाजीवालीने सुरी उचलून टोपलीखाली सारली. दोघं बाइकवर बसले आणि घराकडे निघाले. तिचा राग गेलेला नव्हता. तो कशावर काढायचा ते आता एका कागदावर मावत नव्हतं, इतकंच.

दोन हजार एकोणीस साली त्याच लॅबमधला एक केमिस्ट कायमचा पर्थला गेला. त्याचं पत्र राजलक्ष्मीने टाइप केलं होतं, आणि मानसिंग साहेबांनी न वाचता, उभ्याउभ्या त्यावर सही केली होती.